जिंकलो ना, मग झालं तर!

गेल्या टर्ममधली गोष्ट. रात्री मेसमध्ये जेवायला जरा उशिराच गेलो होतो. (होस्टेलची ड्यूटी लागली की मेसची पोळी आपोआप नशिबी येते!) शेजारच्या टेबलवर तिसऱ्या वर्षाची दोन मुलं हमरीतुमरीवर आलेली. विषय अर्थातच फुटबॉल. सीझनचे जेमतेम पाच-सहा सामने झालेले, दोघंही एकाच संघाचे फॅन, आणि संघ जिंकतोय. मग भांडण कशावरून?

"अरे जिंकतोय रे, पण गोल कुठायत? एखादा कॉर्नर नाहीतर पेनल्टी. बाकी नव्वद मिनिटं बॉल नुसता इकडून तिकडे!"

"टेबल बघ ना टेबल! पॉइंट्स मोज. आणि खरा फॅन असशील तर गप्प बस."

पहिला खरंच गप्प बसला. ताट उचललं आणि निघून गेला. संघ कुठला ते मी सांगणार नाही, उगाच दोन विंगमध्ये मारामाऱ्या नकोत! पण माझा घास हातातच राहिला. कारण ते शेवटचं वाक्य माझं होतं. २००४ साली, याच होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये, माझ्या रूमपार्टनरला मी ते अगदी याच सुरात ऐकवलं होतं.

त्या वर्षीची टीव्ही रूम तुम्हाला कशी सांगू? सगळ्या होस्टेलला मिळून एकच टीव्ही. रिमोट कायम गायब. दिवसा ऑस्ट्रेलियाविरुद्धची टेस्ट सिरीज, संध्याकाळी गाणी, आणि शनिवार-रविवारच्या रात्री इंग्लंडची प्रीमियर लीग. तेव्हा आमच्यात दोन मोठे पक्ष होते, आर्सेनलवाले आणि मॅन्चेस्टर युनायटेडवाले. आम्ही चेल्सीवाले म्हणजे मूठभर. शिवाय बदनाम. रशियाच्या अब्रामोविचने २००३ मध्ये क्लब विकत घेतलेला, त्यामुळे "पैशाच्या मागे लागलेले" हा शिक्का आमच्या कपाळावर. माझ्या बाबतीत तो खराही होता म्हणा! रूमपार्टनर मात्र त्याच्या आधीपासूनचा. झोला खेळायचा तेव्हापासूनचा फॅन. कपाटाच्या दाराला आतून फोटो चिकटवलेला.

त्या उन्हाळ्यात चेल्सीकडे नवा कोच आला, जोझे मोरिन्यो. पोर्तोला नुकतीच चॅम्पियन्स लीग जिंकून देऊन आलेला आणि स्वतःला 'खास' म्हणवून घेणारा. ड्रोग्बासाठी २ कोटी ४० लाख पौंड मोजलेले. चेक, कार्व्हाल्यो, फेरेरा, रॉबेन, केझमन अशी नव्या नावांची रांगच. चेल्सीने लीग शेवटची जिंकली होती ती १९५५ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी. आता नाही तर कधी?

आणि संघ जिंकायलाही लागला की! पण कसा, ते बघा. युनायटेडविरुद्ध १-०. बर्मिंगहॅमविरुद्ध १-०. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध २-०. साउदॅम्प्टनविरुद्ध २-१. मग ॲस्टन व्हिला ०-०, टॉटनहॅम ०-०. मिडल्सब्रो १-०, लिव्हरपूल १-०. आठ सामने, एकही हार नाही, २० पॉइंट्स. आणि गोल किती? ८. सामन्याला एक! त्यातही साउदॅम्प्टनविरुद्धच्या दोन गोलांपैकी एक त्यांच्याच बीटीने स्वतःच्या जाळ्यात मारलेला आणि दुसरी लॅम्पार्डची पेनल्टी. मिडल्सब्रो आणि लिव्हरपूलविरुद्धचे गोल फ्री-किकवरून आलेले. म्हणजे आठातले चार गोल असे की ज्यात चालू खेळातून रचलेलं आक्रमण असं काही नव्हतंच.

तिकडे आर्सेनलवाले टीव्हीसमोर अक्षरशः नाचत होते. त्यांचे चार-चार, पाच-पाच गोल होत होते. आदल्या सीझनला न हरता लीग जिंकलेला संघ तो. आमची मॅच सुरू झाली की मागच्या बाकावरून जांभयांचे आवाज यायचे. टॉटनहॅमने अकरा माणसं मागे ठेवून ०-० केलं तेव्हा मोरिन्यो वैतागून म्हणाला, की यांनी गोलसमोर बसच आणून उभी केली. तेव्हापासून फुटबॉलमध्ये 'बस पार्क करणं' हा शब्दप्रयोग रुळला. गंमत म्हणजे पुढे तो बहुतेक वेळा त्याच्याच संघांना चिकटवला गेला!

तर अशा वातावरणात माझा रूमपार्टनर बोलायला लागला. आर्सेनलवाल्याने बोललं असतं तर आम्ही उशीने हाणला असता. पण हा घरचाच माणूस. तो म्हणाला, "हे टिकणार नाही. आपल्याला गोल करता येत नाहीयेत." मी म्हणालो, "लेका, आठपैकी सहा जिंकलो! अजून काय पाहिजे?" तो म्हणाला, "कसे जिंकलो ते पाहिजे." मग मी ते वाक्य टाकलं. खरा फॅन असशील तर गप्प बस. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुढच्या मॅचला तो टीव्ही रूममध्ये आलाच नाही.

आता आमच्या बाजूचे मुद्दे प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते अगदीच टाकाऊ नव्हते. पहिला मुद्दा असा, की १-० ला तीन पॉइंट्स आणि ५-० लाही तीनच. दुसरा, संघ नवा आहे, कोच नवा आहे, वेळ द्या. तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार होता. आठ सामन्यांत आम्ही गोल खाल्ला होता फक्त एक! चेक, टेरी, कार्व्हाल्यो आणि त्यांच्या पुढे पहारा देणारा माकेलेले. ही भिंत काही नशिबाने उभी राहिलेली नव्हती. दर आठवड्याला तीच भिंत, तशीच.

आणि त्याची बाजू? ती मला कळली १६ ऑक्टोबरला. मॅन्चेस्टर सिटीविरुद्धचा सामना. अकराव्या मिनिटाला अनेल्काची पेनल्टी, ०-१. उरलेली जवळजवळ ऐंशी मिनिटं आमचा संघ एक गोल शोधत होता आणि तो काही सापडला नाही. हरलो. म्हणजे नऊ सामन्यांत ८ गोल केले, २ खाल्ले, आणि तरी आर्सेनलच्या मागे ५ पॉइंट्स!

रात्री खोलीवर गेलो तर हा पठ्ठ्या जागा. "बघ, सांगितलं होतं ना" असं काहीतरी ऐकायची मनाची तयारी करूनच गेलो होतो. तो तसं काही म्हणाला नाही. जर्नलचं मागचं पान काढलं आणि पेन्सिलने मैदान आखलं. (सबमिशनच्या आदल्या दिवशी तेच पान फाडताना सरांच्या शिव्या खाल्ल्या, ती गोष्ट वेगळी!) त्याने जे दाखवलं ते आज मी माझ्या शब्दांत सांगतो.

सुरुवातीच्या सामन्यांत चेल्सीचे मधले चार खेळाडू बऱ्याचदा पतंगाच्या आकारात उभे राहायचे. तळाला माकेलेले, दोन्ही बाजूंना एकेक, वर टोकाला एक. मैदानाच्या मधोमध माणसं भरपूर, त्यामुळे बॉल आपल्याकडे राहतो आणि प्रतिस्पर्ध्याला मधून वाट मिळत नाही. बचावासाठी हे उत्तम. पण पतंग अरुंद असतो हो! दोन्ही कडांना कायम उभं राहणारं कुणी नाही. मग समोरच्या संघाला आपली बचावाची फळी ताणावीच लागत नाही. सगळेजण मध्ये गोळा होऊन उभे राहिले की झालं. ड्रोग्बाला बॉल मिळतो तेव्हा त्याच्या पाठीवर दोन जण बसलेले असतात, आणि मागून धावत येणाऱ्या लॅम्पार्डला घुसायला फट नसते. फट नाही म्हणजे गोल नाही. मग उरतं काय? फ्री-किक, कॉर्नर, पेनल्टी.

"आणि एकच गोल करायची सवय असली ना," तो म्हणाला, "की आपल्या हातून एक चूक झाली तरी मॅच गेली."

स्थापत्यवाल्यांना मी हे आमच्या भाषेत सांगतो. फॅक्टर ऑफ सेफ्टी! जो भार आल्यावर पूल कोसळेल तो भार, भागिले रोज त्याच्यावर येणारा भार. हा आकडा एकच्या जरासा वर असला तरी पूल उभाच असतो. आज उभा, उद्या उभा. वरून जाणाऱ्या माणसाला फरक कळतसुद्धा नाही. पण एखादा जास्तीचा ट्रक आला की संपलं. पूल उभा आहे एवढ्यावरून तो भक्कम आहे असं कुठलाही इंजिनिअर म्हणणार नाही. मग टेबलमध्ये वर आहोत एवढ्यावरून संघ भक्कम आहे असं आपण कसं म्हणतो? १-० म्हणजे एकच्या जरासा वर असलेला फॅक्टर. पेनल्टी हा तो जास्तीचा ट्रक.

पुढचं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. सीझनच्या आधीच पायाचं हाड मोडून बसलेला आर्यन रॉबेन ऑक्टोबरअखेर परतला. एका कडेला तो, दुसऱ्या कडेला डेमियन डफ. पतंग जाऊन तीन मिडफिल्डर आणि पुढे तिघं अशी रचना बसली. समोरच्या बचावाला दोन्हीकडे ताणावं लागलं आणि मध्ये फटी पडल्या. ब्लॅकबर्नला ४-०, वेस्ट ब्रॉमला ४-१, एव्हर्टनला १-० (गोल रॉबेनचा), फुलहॅमला ४-१, बोल्टनशी २-२, चार्लटनला ४-०, न्यूकॅसलला ४-०. सात सामने, २३ गोल! आधीच्या नऊ सामन्यांत ८ आणि नंतरच्या सातात २३. ६ नोव्हेंबरला चेल्सी टेबलमध्ये वर गेली ती शेवटपर्यंत खाली आली नाही. ३० एप्रिल २००५ ला बोल्टनमध्ये लॅम्पार्डने दोन गोल मारले आणि पन्नास वर्षांनी लीग आमची झाली.

त्या रात्री टीव्ही रूममध्ये मी छाती फुगवून म्हणालो, "बघा, मी म्हटलं होतं ना! उगाच रडत होते लोक." आणि इथेच माझं चुकलं. आज इतक्या वर्षांनी ते कबूल करायला हा लेख लिहितोय.

रडणारे चुकले होते का? त्याने सांगितलेला दोष खरा होता. तो दोष दूर झाल्यावरच संघ वर गेला. ज्या चेल्सीने लीग जिंकली ती ऑगस्टमधली चेल्सी नव्हतीच. मग मी चुकलो होतो का? पूर्ण नाही. भिंत भक्कम आहे हे मी म्हणत होतो, आणि ती शेवटपर्यंत भक्कमच राहिली. ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. ९५ पॉइंट्स, एकच हार, तीच ती सिटीविरुद्धची. दुसरा आलेल्या आर्सेनलने ८७ गोल केले, आम्ही ७२. तरी त्यांचे पॉइंट्स ८३! म्हणजे जास्त गोल करणारा संघच जिंकतो असंही नाही. दोष तो बरोबर सांगत होता, आधार मी बरोबर सांगत होतो. दोघांनी एकमेकांचं ऐकलं असतं तर एक चांगला माणूस दोन महिने टीव्ही रूमबाहेर राहिला नसता.

आणखी एक बारकावा. चेल्सीने त्या सीझनला जिंकलेल्या २९ सामन्यांपैकी ११ सामने १-० असेच जिंकले. गाडी सुरळीत झाल्यावरही १-० होतच होतं. म्हणजे १-० हा काही आजार नव्हे. १-० शिवाय दुसरं काही जमत नसणं, हा आजार. चार गोल मारता येणारा संघ एका गोलावर जिंकतो तेव्हा ती शिस्त असते. एकाच्या वर जाताच न येणारा संघ एका गोलावर जिंकतो तेव्हा तो काठावरचा पास असतो. मार्कशीटवर दोन्ही सारखेच दिसतात!

कुणी म्हणेल, सर, शेवट गोड तर सारं गोड. जिंकलात ना शेवटी? मग उगाच का उकरताय? त्यांच्यासाठी एक ताजं उदाहरण देतो, ज्यात सुरुवात गोड होती आणि पुढचं कडू झालं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूल गतविजेता म्हणून मैदानात उतरला. पहिले पाच सामने, पाच विजय. शंभर टक्के रिझल्ट! आता आत बघू. बोर्नमथविरुद्ध २-० वरून २-२ झालं, मग ८८ व्या मिनिटाला किएझाने आणि अगदी शेवटी सालाहने वाचवलं. न्यूकॅसलचे दहाच खेळाडू उरले असताना पुन्हा २-० वरून २-२, आणि १०० व्या मिनिटाला सोळा वर्षांच्या एका पोराने, रिओ एन्गुमोहाने, गोल मारला. आर्सेनलविरुद्ध ८३ व्या मिनिटाला सोबोस्लाईची फ्री-किक. बर्नलीविरुद्ध ९५ व्या मिनिटाला पेनल्टी. पाचपैकी चार सामन्यांत निकाल लावणारा गोल ८० व्या मिनिटानंतरचा! पाचवा एव्हर्टनविरुद्धचा, २-१.

तेव्हाही फॅन्समध्ये हाच वाद होता. एक बाजू म्हणत होती, शेवटच्या मिनिटाला जिंकणं हेच चॅम्पियनचं लक्षण. दुसरी बाजू म्हणत होती, दर वेळी शेवटच्या मिनिटाची पाळी का येते ते बघा. पुढे काय झालं? क्रिस्टल पॅलेसने ९७ व्या मिनिटाला हरवलं. चेल्सीने ९५ व्या मिनिटाला. युनायटेडने ॲनफिल्डवर येऊन ८४ व्या मिनिटाला. मग ब्रेंटफर्डने ३-२. सलग चार पराभव, आणि पाच विजयांनंतरच्या सात सामन्यांपैकी सहा हरले. जी शेवटची मिनिटं देत होती, तीच घ्यायला लागली.

आता फरक लक्षात घ्या. दोन्ही संघ सुरुवातीला जेमतेम जिंकत होते, आणि दोन्हीकडे "पॉइंट्स मोज आणि गप्प बस" म्हणणारे होते. पण २००४ च्या चेल्सीने पहिल्या आठ सामन्यांत एक गोल खाल्ला होता. लिव्हरपूलने पहिल्या पाचात पाच खाल्ले, दोनदा दोन गोलांची आघाडी घालवली. एकाकडे पुन्हा पुन्हा होणारी गोष्ट होती, भिंत. दुसऱ्याकडे बऱ्याच अंशी घड्याळ होतं. आणि घड्याळ कुणाच्या बापाचं नसतं!

म्हणून माझं मत सरळ आहे. आपला संघ जिंकत असेल आणि खेळ मात्र रखडत असेल, तर "जिंकतोय ना?" हा प्रश्नच चुकीचा. आणि "खेळ सुंदर का नाही?" हाही चुकीचा. सौंदर्याला पॉइंट्स नाहीत. प्रश्न असा हवा, की ज्या गोष्टीच्या जोरावर जिंकलो ती पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येईल का? करता येत असेल, तर धीर धरा. येत नसेल, तर आत्ताच बोला. पाच-सहा सामन्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरंच. फुटबॉलमध्ये गोल इतके कमी होतात, की एखादा गोल पायाला लागून वळला तरी निकाल बदलतो. पण हे दोन्हीकडे लागू आहे ना? पाच सामन्यांवरून संघ वाईट ठरत नाही, तसा तो चांगलाही ठरत नाही.

आणि बोलायची वेळ? जिंकत असतानाच. हरायला लागल्यावर सगळेच बोलतात, तेव्हा त्याची किंमत शून्य. पदरात पॉइंट्स असतात तेव्हाच दुरुस्तीला सवड असते. पुलाची तपासणी तो उभा असतानाच करतात, पडल्यावर होते ती चौकशी!

कुणी विचारेल, आपण होस्टेलमध्ये बसून बोललो काय, न बोललो काय, कोच थोडाच ऐकतोय? कबूल. मोरिन्योने आमच्या जर्नलचं मागचं पान पाहिलेलं नाही. पण त्या "गप्प बस"चा परिणाम संघावर नाही झाला तरी आपल्यावर होतो. यश मिळतंय तोवर प्रश्न विचारणारा तो गद्दार, ही सवय टीव्ही रूममध्ये लागते आणि मग सगळीकडे चालू राहते. "क्लिअर झालं ना सेम? मग कशाला विचारतोस कळलं का?" आम्ही मास्तर लोकही काही वेगळे नाही. विभागाचा रिझल्ट चांगला लागला की त्या वर्षी मुलांना प्रत्यक्षात काय येतं, हे मीटिंगमध्ये कुणी काढत नाही. काढलं तर बाकीचे त्याच्याकडे बघतात कसे, ते मला माहीत आहे. कारण बघणाऱ्यांत मीही असतो.

माझा रूमपार्टनर पुढे नोकरीनिमित्त बाहेर गेला. अजून चेल्सीचाच फॅन आहे. चांगले दिवस पाहिले, वाईटही पाहिले, पण हलला नाही. मी मात्र अब्रामोविचच्या पैशाबरोबर आलो आणि लग्न-नोकरीच्या धबडग्यात कधी बघायचं सोडून दिलं ते मलाही आठवत नाही. म्हणजे आमच्या दोघांत 'खरा फॅन' कोण होता, ते तुम्हीच ठरवा.

मेसमधून ताट उचलून गेलेल्या त्या मुलाला एवढंच सांगायचंय. अरे, पुढची मॅच चुकवू नकोस. जा, बस, आणि जे दिसतं ते बोल. आणि त्याला गप्प बसवणाऱ्या दुसऱ्याला सांगायचंय की बाबा रे, त्याचं ऐकून घे. जर्नलचं एखादं मागचं पान वाया गेलं तरी चालेल. मी सबमिशनला सही देईन!

— एक जुना होस्टेलवासी,
सध्या मुक्काम स्टाफ क्वार्टर्स